इलारिया कापुआ : विषाणूचा जनुकक्रम कुलपात ठेवायला नकार देणारी पशुवैद्य

रानवैद्य

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचं नाव एका दिवसात देशभर पोचलं. १८ तारखेला जाहीर झालं की नवापूरच्या कोंबड्यांमध्ये एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, सापडला आहे, भारतात पहिल्यांदाच. त्याच्या दहाच दिवस आधी नायजेरियातल्या कडुना राज्यातल्या एका पोल्ट्रीत तोच विषाणू सापडल्याचं जाहीर झालं होतं, आफ्रिकेत पहिल्यांदाच. आपले नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले. नायजेरियाचे गेले इटलीत, पाडोवाजवळच्या लेन्यारो गावातल्या पशुआरोग्य संस्थेत. तिथल्या एव्हियन इन्फ्लुएन्झाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या डॉ. इलारिया कापुआ.

मी स्वतः पशुवैद्य आहे. नोकरी तालुक्याच्या गावी, पदव्युत्तर शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्रात. कापुआंबद्दल मराठीत सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा.

त्यांचा जन्म १९६६ चा, रोमचा. पेरुजा विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी. त्यांचं पुढचं सगळं काम ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगते, कारण ती कळली की बाकीचं आपोआप कळतं.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर एच आणि एन नावाची प्रथिनं असतात, आणि एच५एन१ सारखं नाव त्यांच्या प्रकारांवरून पडतं. विषाणूला पेशीत शिरायचं तर एच हे प्रथिन एका ठरावीक जागी कापलं गेलेलं असावं लागतं. सौम्य प्रकारात त्या जागी आर्जिनिन हे अमिनो आम्ल एकटं असतं, आणि ते कापणारी विकरं मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात मिळतात. कोंबडी थोडी घुरघुरते, अंडी कमी देते, बऱ्याचदा सावरते. घातक प्रकारात त्याच जागी आर्जिनिन आणि लायसिनची रांग लागलेली असते. ती कापणारं फ्युरिन हे विकर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. मग विषाणू मेंदू, हृदय, स्वादुपिंड कुठेही वाढतो आणि दोन-तीन दिवसांत शेड रिकामी होते. सगळा फरक काही अक्षरांचा. निसर्गात ही उडी एच५ आणि एच७ या दोनच प्रकारांनी घेतलेली दिसते, म्हणून कोंबड्यांत यातला सौम्य प्रकार दिसला तरी आम्ही लोक सावध होतो.

इटलीने हे अंगावर घेतलं. १९९९ च्या मार्चपासून उत्तरेकडच्या व्हेनेतो आणि लोम्बार्दी भागात सौम्य एच७एन१ टर्की आणि कोंबड्यांमध्ये फिरत होता. डिसेंबरात तोच घातक झाला. पुढच्या काही महिन्यांत १ कोटी ३० लाखांहून जास्त पक्षी मेले किंवा मारावे लागले.

त्यानंतर २००० च्या उन्हाळ्यात सौम्य विषाणू पुन्हा दिसला, आणि कापुआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते मला आजही फार देखणं वाटतं. लस द्यायची तर अडचण अशी की लस दिलेल्या पक्ष्याच्या रक्तातही प्रतिपिंडं दिसतात आणि आजार होऊन गेलेल्याच्याही. दोघे वेगळे ओळखता आले नाहीत तर व्यापार बंद, आणि रोग लसीच्या आड लपून फिरत राहतो. त्यांनी लस घेतली एच७एन३ ची. फिरणारा विषाणू एच७एन१. एच सारखा, म्हणून संरक्षण मिळतं. एन वेगळा, म्हणून रक्तात एन१ विरुद्धची प्रतिपिंडं सापडली तर त्या पक्ष्याला खरा विषाणू लागलेला आहे. कीटकांच्या पेशींत फक्त एन१ प्रथिन बनवून त्यावर रक्तजल तपासायचं. या पद्धतीला जगभर 'दिवा' म्हणतात, इंग्रजी अक्षरांवरून. पूर्ण कळप न मारता रोग आटोक्यात आणता येतो असं या कामाने पोल्ट्रीच्या जगाला दाखवलं.

आता फेब्रुवारी २००६. नायजेरियाच्या विषाणूचा सिक्वेन्स, म्हणजे जनुकक्रम, कापुआंच्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेकडून विचारणा झाली की हा सिक्वेन्स अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या संग्रहात ठेवा. तो संग्रह पासवर्डने बंद होता, जगातल्या पंधरा-एक प्रयोगशाळांनाच तिथे प्रवेश. सिक्वेन्स दिला की कापुआंनाही पासवर्ड मिळणार होता. प्रयोगशाळेच्या प्रमुखासाठी हे मोठं आमिष आहे. बाकीच्यांच्या हाती नसलेली माहिती बघायला मिळते, शोधनिबंध होतात, नाव होतं.

त्यांनी नकार दिला. सिक्वेन्स जेनबँक या खुल्या संग्रहात टाकला, जिथे कुणीही, कुठूनही, न विचारता तो उतरवून घेऊ शकतं. आणि सहकाऱ्यांना पत्र लिहून आवाहन केलं की तुमच्याकडचेही खुले करा.

गदारोळ झाला. अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी विषय उचलला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये 'नेचर'मध्ये एक पत्र आलं, फ्लूच्या माहितीची देवाणघेवाण कशी व्हावी याबद्दल. सही करणाऱ्यांत कापुआ होत्या. त्यातून गिसएड हा सिक्वेन्सचा संग्रह उभा राहिला, २००८ पासून चालू झाला. कोविडच्या काळात रोज ऐकलेले अल्फा, डेल्टा, ओमायक्रॉन हे सगळे ज्या संग्रहातून ओळखले आणि मोजले गेले, तो हाच. त्याची मुळं कोंबड्यांच्या एका प्रयोगशाळेत आहेत हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि मला ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

पुढचं थोडक्यात लिहिते, कारण ते वाचून मला त्रास होतो. २०१३ मध्ये त्या इटलीच्या संसदेत निवडून गेल्या. २०१४ मध्ये एका साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापलं की त्या विषाणूंच्या तस्करीच्या चौकशीत आहेत. त्यातल्या एका आरोपाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. जुलै २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष ठरवलं, गुन्हा घडलेलाच नाही म्हणून. त्यांनी खासदारकी सोडली आणि अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात वन हेल्थचं, म्हणजे माणूस, जनावरं आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघणारं, केंद्र सांभाळायला गेल्या. आता पुन्हा इटलीत, बोलोन्याला असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की विषाणूचा सिक्वेन्स ही कुणाची इस्टेट नाही. तो ज्या गोठ्यातून, ज्या शेडमधून आला, तिथल्या माणसांपर्यंत त्याचा उपयोग परत पोचला पाहिजे. इथल्या मंडळींचं काय मत?

---

नवापूरकर

ताई, धागा वाचला आणि हात थांबेना.

आमच्या घरची लेयरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, पोल्ट्री होती. तेव्हा मी कॉलेजात होतो. मरतुक सुरू झाली तेव्हा सगळे राणीखेतच म्हणत होते. आमच्या भागात मानमोडी म्हणतात, दर एक-दोन वर्षांनी कुठे ना कुठे यायचीच, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नाही. पण मानमोडीत मान वाकडी होते, पाय ओढतात. या वेळी कोंबड्या बसल्या जागी पडत होत्या. तुरे काळे-निळे, डोळ्यांखाली सूज. सकाळी खाद्य टाकायला गेलं की पिंजऱ्यांच्या रांगेत एकेक मान खाली लटकलेली.

मग भोपाळचा अहवाल आला आणि पांढरे सूट घातलेली माणसं आली. खड्डे, चुना. कोंबड्या मारायला आलेल्या टोळीतल्या लोकांना औषधाच्या गोळ्या देत होते. शेडमध्ये अंडी गोळा करणाऱ्या आदिवासी बायकांचं काम एका दिवसात संपलं, त्यांची कुणी बातमी केली नाही. रस्त्यापलीकडे गुजरातचं उच्छल, तिथेही तेच. आमचं रेल्वे स्टेशन अर्धं या राज्यात, अर्धं त्या राज्यात. विषाणूला तेवढी तरी हद्द कुठे कळणार?

अंड्यांचे भाव पार मुंबईपर्यंत कोसळले. वडिलांनी पुन्हा शेड भरायला बराच काळ घेतला.

एवढी वर्षं झाली, आमच्या कोंबड्यांतून घेतलेल्या विषाणूचं पुढे काय झालं हे मला माहीत नाही. त्याचा सिक्वेन्स कुठे आहे का?

---

रानवैद्य

@नवापूरकर, तुम्ही लिहिलंत ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही. तुरा निळा आणि डोळ्यांखाली सूज, हे निरीक्षण अगदी नेमकं आहे.

हो, आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेने आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्या साथीच्या विषाणूंवर काम केलं. पुण्याच्या गटाने संपूर्ण जीनोम, म्हणजे विषाणूचा सगळा जनुकक्रम, वाचून २००८ मध्ये प्रसिद्ध केला. हे सिक्वेन्स जेनबँकेत आहेत. तुम्ही घरी बसून शोधलेत तरी सापडतील, कारण इन्फ्लुएन्झाच्या विषाणूला नाव देण्याची पद्धतच तशी आहे. आधी प्रकार, मग कुठल्या जनावरात सापडला, मग गाव, देश, नमुना क्रमांक, शेवटी वर्ष. त्या यादीत कोंबडी, नवापूर, भारत, ०६ असं लिहिलेलं दिसेल. नवापूर हे नाव जगातल्या प्रत्येक फ्लू-शास्त्रज्ञाला उपलब्ध आहे.

त्यातून काय कळलं? तुमच्याकडचा विषाणू २.२ या शाखेतला होता. २००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या किंगहाई सरोवरावर हजारो रानटी पक्षी मेले, त्या कुटुंबातला. नायजेरियाचा आणि त्या हिवाळ्यात युरोपात मेलेल्या हंसांमधलाही याच कुटुंबातला. कापुआंच्या गटाने अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर ३६ विषाणूंचे पूर्ण जीनोम वाचले, २००७ मध्ये ते छापून आलं. युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतले विषाणू एकाच मोठ्या शाखेत पडतात, पण त्या शाखेच्या आत तीन वेगळ्या फांद्या आहेत, असं त्यात दिसलं. नायजेरियात तर विषाणू एकदाच येऊन पसरला नाही, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा शिरला, हे दुसऱ्या एका गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं. नुसतं 'एच५एन१ पॉझिटिव्ह' एवढ्या अहवालावरून हे कधीच कळलं नसतं. एकदा आला आणि पसरला असेल तर वाहतूक अडवायची. पुन्हा पुन्हा येत असेल तर दार कुठे उघडं आहे ते शोधायचं. दोन्हींचा बंदोबस्त वेगळा.

---

सागरपार

मी नोकरीनिमित्त जकार्तात असतो. धागा आवडला, पण एक बाजू राहून गेली आहे.

इंडोनेशियात माणसांत एच५एन१ चे रुग्ण आणि मृत्यू त्या वर्षांत फार होते. इथली सरकारं नमुने पाठवत होती. मग कळलं की इथल्याच विषाणूवरून परदेशी कंपनी लस बनवते आहे, आणि ती लस विकत घेणं इंडोनेशियाला परवडणार नाही. २००७ च्या सुरुवातीला तेव्हाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने पाठवणं थांबवलं. पश्चिमेत त्यांच्यावर खूप टीका झाली. इथे मात्र अनेकांना त्यांचं म्हणणं पटलेलं आहे.

'सगळं खुलं करा' म्हणणं इटलीतल्या सुसज्ज प्रयोगशाळेला सोपं आहे. ज्याच्याकडे सिक्वेन्सिंगची मशिनं आणि लसीचे कारखाने आहेत त्यालाच खुल्या माहितीचा फायदा होतो. ज्याच्या कोंबड्या आणि माणसं मेली त्याला काय मिळालं? रानवैद्य ताईंनी शेवटच्या ओळीत हेच म्हटलंय, पण कापुआंच्या नकारातून ते साधलं का, हा माझा प्रश्न आहे.

---

रानवैद्य

@सागरपार, मुद्दा खरा आहे आणि तो डावलून पुढे जाता येणार नाही.

आधी एक वस्तुस्थिती. इंडोनेशियाने ऑगस्ट २००६ मध्ये आपले सिक्वेन्स खुले करायला परवानगी दिली होती. नंतर थांबवले ते प्रत्यक्ष नमुने. जनुकक्रम ही माहिती, नमुना ही वस्तू. लस बनवायला तेव्हा वस्तू लागायची. आज सिक्वेन्सवरूनच लस बनवता येते, त्यामुळे तुमचा प्रश्न आता जास्त टोकदार झाला आहे.

त्या भांडणातूनच २०११ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने इन्फ्लुएन्झासाठी एक चौकट मान्य केली. नमुने द्या, बदल्यात लस, औषधं आणि तंत्र यांतला वाटा मिळेल, असा तिचा गाभा. सुपारी यांनी अडवलं नसतं तर ही चौकट आली नसती असं मलाही वाटतं.

गिसएडचा मार्ग मधला आहे. तिथे नाव-ओळख देऊन प्रवेश घ्यावा लागतो, आणि सिक्वेन्स वापरला तर ज्याने तो दिला त्याचं श्रेय द्यावं लागतं, जमेल तिथे त्याला सोबत घ्यावं लागतं. जेनबँकेत अशी कोणतीही अट नाही. कापुआंनी आधी पूर्ण खुला मार्ग घेतला आणि काही महिन्यांत या मधल्या मार्गाच्या पत्रावर सही केली. मला यात विसंगती दिसत नाही. पंधरा जणांचं कुलूप तोडणं हे पहिलं काम होतं. आत आलेल्यांनी काय नियम पाळायचे हे दुसरं. गिसएडच्या कारभारावरही अलीकडे शास्त्रज्ञांनी कडक प्रश्न विचारले आहेत, ते विचारलेच पाहिजेत.

पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. २००६ साली नवापूरचा आणि कडुनाचा सिक्वेन्स शेजारी शेजारी ठेवून बघण्याची सोय नवापूरच्या पशुवैद्याला नव्हती, आणि पासवर्डवाल्या व्यवस्थेत ती कधीच मिळाली नसती.

---

कोडकर

हैदराबादेत बायोइन्फर्मेटिक्समध्ये काम करतो. प्रयोगशाळेत काय घडतं ते थोडं सांगतो, कारण 'सिक्वेन्स वाचला' हे दोन शब्दांत लिहून होतं.

फ्लूच्या विषाणूचा जीनोम आठ तुकड्यांत असतो, सगळे मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरं. गंमत म्हणजे आठही तुकड्यांची टोकं जवळजवळ सारखीच. एका टोकाची बारा अक्षरं, दुसऱ्या टोकाची तेरा. त्यामुळे त्या टोकांना चिकटणारे प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, एकदा बनवले की कुठल्याही जनावरातला, एच-एनच्या कुठल्याही प्रकारचा इन्फ्लुएन्झा ए एकाच नळीत वाढवता येतो. कोंबडी, बदक, डुक्कर, घोडा, माणूस. मग हातात मावणाऱ्या नॅनोपोर मशिनवरही काही तासांत वाचन होतं. हल्ली हे काम गाडीत बसूनही होऊ शकतं.

खरी अडचण त्यानंतर. माझ्याकडे जी फाइल येते त्यात अक्षरं असतात, आणि अक्षरांना अर्थ येतो तो सोबतच्या माहितीने. तारीख कोणती, गाव कोणतं, देशी कोंबडी की लेयर, शेडमधली की परसातली, लस दिली होती का, किती दिवसांत किती मेल्या. वंशवृक्षावर काळ मांडायचा तर नमुना घेतल्याची तारीख हवीच. नसेल तर झाड निघतं, पण ते केव्हा फुटलं हे सांगता येत नाही.

२०२४ चं उदाहरण घ्या. अमेरिकेत मार्चमध्ये दुभत्या गायींत एच५एन१ सापडला, सुरुवात टेक्ससकडून. एप्रिलमध्ये तिथल्या कृषी विभागाने दोनशेहून जास्त सिक्वेन्स एकदम खुले केले. सगळ्या शास्त्रज्ञांनी फाइली उघडल्या तर ठिकाणाच्या जागी फक्त 'अमेरिका' आणि तारखेच्या जागी '२०२४'. कुठल्या राज्यातून कुठल्या राज्यात गायी गेल्या आणि विषाणू गेला, हे ताबडतोब शोधायचं होतं आणि तेच कळेना. कुलूप नव्हतं, तरी माहिती अपुरीच.

---

रानवैद्य

@कोडकर, नेमकं हेच मला लिहायचं होतं आणि तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

म्हणून मी म्हणते की या क्षेत्रात पशुवैद्याची जागा दुसरं कुणी घेऊ शकत नाही. न्यूयॉर्कमधलं १९९९ चं उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. माणसांना मेंदूज्वर होत होता आणि निदान झालं होतं सेंट लुईस एन्सेफलायटिस. त्याच वेळी शहरात कावळे मरत होते, ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयात फ्लेमिंगो मरत होते. तिथल्या पशुवैद्यक रोगनिदानतज्ज्ञ ट्रेसी मॅक्नमारा अडून बसल्या की सेंट लुईसने पक्षी असे मरत नाहीत, हे वेगळं काहीतरी आहे. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. जीनोम वाचल्यावर निघाला वेस्ट नाइल हा वेगळाच विषाणू, आणि आदल्या वर्षी इस्रायलमधल्या एका हंसिणीत सापडलेल्या विषाणूशी तो जवळजवळ तंतोतंत जुळला. मशिनने उत्तर दिलं, पण प्रश्न विचारला तो मेलेल्या पक्ष्याचं पोट उघडून बघणाऱ्या बाईने.

आपल्याकडचं ताजं म्हणजे नागपूरच्या गोरेवाड्यातलं. २०२४ च्या डिसेंबरअखेर तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेले. नमुने भोपाळला गेले आणि एच५एन१ निघाला. कोंबडीच्या मांसातून आला असेल अशी शंका लगेच घेतली गेली. अशा वेळी वाघाचा सिक्वेन्स आणि त्या काळात आसपास सापडलेल्या पक्ष्यांचे सिक्वेन्स तारीख-गावासकट शेजारी ठेवता आले तरच शंकेचं उत्तर होतं.

---

शेवटचं_वर्ष

नमस्कार ताई, मी शिरवळला बीव्हीएससीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा दे, पक्की नोकरी. मला हे जीनोमचं काम करायचं आहे. आपल्याकडे यात करिअर होतं का? की परदेशात जावंच लागतं? कोडिंग येत नाही.

---

रानवैद्य

तुझ्या घरच्यांचं चुकत नाही, त्यांना नोकरीची काळजी आहे. पण दोन्ही रस्ते एकमेकांना कापत नाहीत, हे त्यांना समजावून सांग.

मार्ग असा. पदवी आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षं तुझी होतच आली. त्यानंतर एमव्हीएससी, दोन वर्षं. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, पशुजैवतंत्रज्ञान किंवा साथरोगशास्त्र घे. आपल्या माफ्सूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या, परळ, नागपूर आणि इतर महाविद्यालयांत सोय आहे, आणि आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा दिलीस तर इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उघडते. ही संस्था १८८९ मध्ये सुरू झाली ती आपल्या पुण्यात, इम्पीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने. काही वर्षांनी ती मुक्तेश्वरला हलली. रिंडरपेस्टवर, म्हणजे बुळकांडीवर, तिथे पिढ्यान्‌पिढ्या काम झालं. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने संपवलेला हा दुसराच रोग. तू ज्या घराण्यात चालली आहेस त्याचा हा इतिहास आहे.

पीएचडीनंतर भोपाळची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आहे, हिसारची अश्व संशोधन संस्था आहे, पुण्यात औंधला राज्याचं पशुरोग अन्वेषण आहे, विषाणू संस्था आहे. परदेशात जावंच लागतं असं नाही. गेलीस तर शिकून ये.

कोडिंगचं दडपण घेऊ नकोस. लिनक्सवर फाइली हलवता येणं आणि थोडं आर किंवा पायथन, एवढं रोज तासभर दिलं तर काही महिन्यांत जमतं. जेनबँकेतून नवापूरचे सिक्वेन्स उतरव, कडुनाचे उतरव, एकाखाली एक लाव आणि एचमधली ती कापली जाणारी जागा स्वतः शोध. आर्जिनिन आणि लायसिनची रांग स्वतःच्या डोळ्यांनी दिसली की पुढचं शिकायला कुणी सांगावं लागणार नाही.

आणि एक कळकळीने सांगते. इंटर्नशिपमध्ये शवविच्छेदन टाळू नकोस. बऱ्याच हुशार मुली-मुलं मशिनकडे धावतात आणि हात घाण करायला नको म्हणतात. कापुआंनी एच७एन१ शिकला तो मेलेल्या टर्कींवरून.

---

शेवटचं_वर्ष

खूप आभार ताई. आज रात्रीच उतरवून बघते. @कोडकर दादा, अडलं तर विचारलं तर चालेल ना?

---

कोडकर

नक्की विचार. इथेच विचार, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

---

चाळीसगाववाला

मी शेतकरी, दुधाचा धंदा. एवढं शास्त्र मला कळत नाही पण वाचत होतो.

२०२२ ला लम्पी आला तेव्हा आमच्या दोन गाई गेल्या. अंगभर गाठी, पायाला सूज, चारा बंद. डॉक्टर आले, गाठीवरच्या खपल्या चिमट्याने काढून डबीत भरून नेल्या. तपासायला पाठवतो म्हणाले. पुढे काय निघालं ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. ताई तुम्ही म्हणता उपयोग परत आला पाहिजे, तो आमच्यापर्यंत तर आला नाही. आणि आम्हाला शेळीच्या देवीची लस टोचली गाईला, ते बरोबर होतं का?

---

रानवैद्य

दादा, गाई गेल्याचं वाचून वाईट वाटलं. आणि अहवाल न कळवणं चूकच आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही.

लसीचं आधी. ते बरोबर होतं. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी हे तीन विषाणू एकाच कुळातले, जीनोम एकमेकांशी अतिशय जुळतात. म्हणून एकाच्या लसीने दुसऱ्यापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. भारतात लम्पी पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात दिसला, तेव्हा आपल्याकडे लम्पीची स्वतःची लस नव्हती. रांचीच्या गाईंतून मिळालेल्या विषाणूवरून हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी ती तयार केली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली. साथ तेव्हा ऐन भरात होती.

खपल्यांचं का? कारण लम्पीचा विषाणू खपलीत भरपूर असतो आणि वाळलेल्या खपलीतही बरेच दिवस टिकतो. हा डीएनएचा विषाणू, जीनोम सुमारे दीड लाख अक्षरांचा, फ्लूच्या दहापट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, कर्नाटक इथल्या नमुन्यांचे जीनोम वाचले, तेव्हा २०२२ च्या काही विषाणूंत १,८०० हून जास्त फरक दिसले. म्हणजे २०१९ चा आणि २०२२ चा विषाणू एकसारखा नव्हता. तुमच्या गाईसारख्या गाईंच्या खपल्यांतूनच हे कळलं.

आता तुमच्या खपल्यांचं. दवाखान्यात नमुन्यांची नोंदवही असते. तारीख, मालकाचं नाव, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि नमुना कुठे पाठवला ते त्यात लिहिलेलं असतं. गाईचा बिल्ल्याचा नंबर तुमच्याकडे लसीकरणाच्या किंवा नुकसानभरपाईच्या कागदावर असेल. तो घेऊन जा, आवक-जावक क्रमांक मागा. त्यावरून पुण्याला औंधला विचारता येतं. उत्तर लेखी मागा.

@शेवटचं_वर्ष, इंटर्नशिपला नमुना घेशील तेव्हा प्रत्येक मालकाचा फोन नंबर अर्जावर लिही आणि अहवाल आला की स्वतः फोन कर.

---

चाळीसगाववाला

एका गाईचा बिल्ला नंबर कागदावर आहे, भरपाईच्या वेळचा. दुसरीचा बघावा लागेल. सोमवारी दवाखान्यात जातो, आवक-जावक क्रमांक मिळाला की इथे टाकतो. पुण्याला अर्ज कसा लिहायचा ते तेवढं सांगा.

---

नवापूरकर

दादा, अर्जाचा मसुदा मी लिहून देतो, भरपाईच्या वेळी आम्ही असे बरेच लिहिले आहेत. व्यक्तिगत निरोपात गाव आणि तालुका कळवा.